धुरकटच असतो तो

नाही हो, नंबर वाढवून काही होणार नाही — हनुवटी इथे टेकवा, हलू नका — धूमकेतू धुरकटच असतो. या आठवड्यातले तुम्ही पाचवे. जो येतो तो म्हणतो, बाई, आकाशात काहीतरी पुसट दिसतंय, काच बदलून द्या. अहो, बर्फाचा आणि धुळीचा गोळा तो, सूर्याजवळ आला की वाफ सुटते त्याची, पुसट नाही तर काय दिसणार? मला कसं माहीत? आमचे हे शाळेत विज्ञान शिकवायचे ना. बातमी आली तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, वाट बघत होते त्याची. वाचा बरं, शेवटची ओळ. छान. ह्यांनाही यायची शेवटची ओळ. अगदी धडाधडा.

तिथेच तर फसले मी. बावीस वर्षं लोकांचे डोळे तपासतेय, आणि घरात हे दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे, हाताशी ठेवलेला कप सांडायचे, तर मी काय म्हणायचे? वेंधळे आहात! चारचौघांत म्हणायचे. दोनदा नंबर काढला, दोनदा नवी फ्रेम दिली, वर कौतुक — नजर अजून पंचविशीतली आहे हो तुमची! समोरचं दिसायचंच, कडेचं जात होतं. काचबिंदू. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? तर हे म्हणाले, ‘बायको कामात असते.’ काम कसलं, ते नाही सांगितलं. झाकून घेतलं मला. — काही नाही, माझे डोळे ठीक आहेत, तुम्ही समोर बघा.

मग आला हा धूमकेतू. तोवर ह्यांना उजेड-अंधार, बस, एवढंच उरलं होतं. तरी सूर्य मावळल्यावर गच्चीवर नेलं. मागे उभी राहिले, दोन्ही हातांत ह्यांचं डोकं धरलं आणि पश्चिमेकडे वळवलं. जरा वेळानं म्हणतात, ‘दिसला. शेपूट वर आहे, नाही का?’ शेपूट सूर्यापासून लांब पडते, सूर्य खाली गेला म्हणजे शेपूट वरच — तीस वर्षं वर्गात शिकवलेलं ते! आणि खरं सांगू? आकाशात काही नव्हतंच. नुसते ढग, गच्च. मी म्हटलं, हो, वरच आहे. मग दोघं तसेच उभे राहिलो, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, ताईकडे राहतो थोडे दिवस. ताई म्हणजे माझी नणंद. ‘तुला दुकान आहे, माझ्यामागे किती धावशील?’ भाचा येऊन घेऊन गेला. चिडले असते तर बरं वाटलं असतं हो मला. आता रोज साताला फोन — आज कसा होता? आणि मी सांगते, लांबला, फिकटला, जे पेपरात छापून येईल ते. गच्चीवर मी परत गेलेच नाही. एकटीनं काय बघायचं? — हे असलं कुणाला सांगत नाही मी, आज कशी बोलले कोण जाणे. बरं, तुम्ही पाहिलात ना? कसा आहे? — हं. — कापूस पिंजल्यासारखा? असं पेपरात नाही लिहीत बघा.

आता एक करा, नजर माझ्या नाकावर ठेवा. हा हात दिसतो? मान वळवायची नाही. आता? — आताही नाही? आत येताना स्टुलाला अडखळलात, तेव्हाच मनात आलं माझ्या. नाही, चष्मा मी देणार नाही. ठेवा ती फ्रेम. ही चिठ्ठी घ्या, उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, नंतर नाही, उद्याच. घाबरू नका, तसं असलंच तर औषधानं थोपवता येतं. घरच्यांनाही सांगा. काय बोलतील ते बोलू दे —

फोन. सात वाजले वाटतं. तुम्ही निघा आता, दार ओढून घ्या.

हॅलो? हो, दुकानातच आहे. नाही, आज नाही पाहिला. अहो, ऐका ना — त्या दिवशी गच्चीवर ढग होते. काहीच दिसत नव्हतं. मलासुद्धा.

हॅलो? … आहात ना?