चिठ्ठीशिवाय आत येऊ नये

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे व्यवस्थापक साहेब, डॉक्टरसाहेब, कामगार प्रतिनिधी आणि पहिली पाळी संपल्यावर घरची वाट सोडून इथे थांबलेले माझे सगळे सहकारी,

एकोणीस वर्षांपूर्वी कारखान्याच्या दवाखान्याच्या किल्ल्या माझ्या हातात देताना आधीच्या सिस्टर एवढंच म्हणाल्या होत्या, "इथे माणसाला आधी खोटं ठरवतात, मग तपासतात. तू क्रम उलटा ठेव."

यात काय अवघड, असं तेव्हा वाटलं होतं. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. बाकीच्या दिवसांची दुखणी माझी. (डॉक्टरसाहेब हसताहेत, म्हणजे वार बरोबर आहेत.) ऑफिसात मला कामगारांची वकील म्हणत आणि कामगार म्हणत ऑफिसची सिस्टर. दोन घरचा पाहुणा उपाशी, त्यातली गत. घरी मुलगी म्हणायची, आई, वाढतानासुद्धा तू 'पुढचे' म्हणतेस.

मघाशी माझ्याबद्दल फार चांगलं बोललं गेलं. एक आलेखही दाखवला, दवाखान्यातली गर्दी एका वर्षात निम्म्यावर आल्याचा. त्या आलेखाविषयी थोडं बोलते.

रोज सत्तर-ऐंशी माणसं आणि मी एकटी. दुसरी सिस्टर द्या, असे तीन वर्षं अर्ज केले. शेवटी उत्तर आलं की आधी गर्दी कमी करून दाखवा. मग दारावर सूचना लागली : सुपरवायझरच्या चिठ्ठीशिवाय आत येऊ नये. मजकूर ऑफिसचा, सही माझी. वाटलं, एकदा माणूस मिळालं की कागद काढून टाकू. धाकट्या सिस्टर आल्या, कागद राहिला. कुणालाही सूट द्यायची नाही, हे त्यांना दर सोमवारी मीच बजावत होते.

गेल्या वर्षी एका दुपारी मी वरच्या मजल्यावर बैठकीत होते. हाच आलेख समजावून सांगत होते. खाली पॅकिंगमधल्या मावशी दारात आल्या, हात जड वाटतोय म्हणाल्या. धाकट्या सिस्टरनी चिठ्ठी मागितली. मावशी ती आणायला परत गेल्या आणि जिन्यात कोसळल्या.

वाचल्या. समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मघाशी तुम्ही टाळ्या वाजवल्यात, तेव्हा त्या नुसता डावा हात मांडीवर आपटत होत्या.

चौकशीत ठरलं की ड्यूटीवरच्या सिस्टरनी प्रसंगावधान दाखवलं नाही. ताकीदपत्र त्यांच्या फायलीत लागलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, नियम होता. तो कुणाच्या सहीचा, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माणसं कशी सांभाळावीत याची शिबिरं मी केली आहेत, प्रमाणपत्रं आहेत. पण त्या खोलीत त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्या सिस्टरनी नेहमीसारखा चहा आणून ठेवला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "ताई, तुम्ही बोलला असतात तर पत्रं दोघींना मिळाली असती. एकीची फाइल तरी कोरी राहू दे."

ती कोरी फाइल घेऊन आज मी जाते आहे. आणि त्या एका पत्रामुळे माझी जागा त्यांना मिळत नाही. बाहेरून कुणी येणार आहे. मी दमले आहे हे खरं. पण घरी जाऊन झोप लागेल असं काही नाही.

तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत, अंगात ताप असताना रांगेत मुकाट उभे राहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. निरोप घेताना, काही चुकलं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. व्यवस्थापक साहेब, मला तसं म्हणता येत नाही. माझी चूक पोटात घालू नका, माझ्या फायलीत घाला. ते पत्र धाकट्या सिस्टरच्या नावावरून काढून माझ्या नावावर करा. चार वेळा लेखी मागितलं. चारही वेळा 'नियमात बसत नाही' असं उत्तर आलं. आत्ताही तुम्ही घड्याळाकडे पाहताय, म्हणजे पाचवं उत्तर मला समजलं आहे.

तरी सगळ्यांसमोर विचारते. संध्याकाळी माझी फाइल बंद होईल, त्याआधी एवढं कराल का?