दातांच्या दवाखान्यात इंजिनाचा आवाज

सिडनीच्या गिरावीन भागात दातांच्या डॉक्टरकडे मंजिरी गाल धरून बसली होती. शेजारच्या वसईकर नवरा-बायकोचं बोलणं कानावर पडलं आणि तिचा दात ठणकायचाच विसरला.

"नोएल, शनिवारी लेक तुझ्या त्या जुन्या गाडीतून लग्नाला चर्चमध्ये जायचीय. आणि इंजिन अजून मिसिंग मारतंय!"

"मेकॅनिकला रोज फोनवर आवाज काढून दाखवतो ना! भुक्-भुक्-भुक्-फुस्स!"

"तोंडाने? अरे, फोन इंजिनापाशी धरायचा!"

"इंजिनापेक्षा माझा आवाज क्लिअर येतो, जोसेफिन. त्याच्या सांगण्यावरून प्लग बदलले, कॉइल बदलली, तरी फुस्स आहेच."

"ते फुस्स तुझ्या पडलेल्या दाताच्या फटीतून येतंय!"

"मग इथे उगाच आलोय का?"

अर्ध्या तासाने नोएल नवा दात बसवून बाहेर आला आणि त्याने तिथूनच फोन लावला.

"भुक्-भुक्-भुक्-भुक्! ऐकलंस, मेट? ... जोसेफिन, तो म्हणतोय नो वरीज, इंजिन एकदम फर्स्ट क्लास!"

"छान. मग शनिवारी लेकीला पाठीवर घे आणि चर्चपर्यंत पळ."

"बरं. हॉर्नपण मीच वाजवायचा का?"