लुचियाचा गुडघा

मी मूळचा कोल्हापूरकडचा. घराला लागून तालीम होती आणि वडील तिथल्या पैलवानांना लेप लावायचे, हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या लेपातूनच आलंय. आंबेहळद सहाणेवर उगाळायची, पळीत गरम करायची, सुजेवर थापायची. सूज उतरली की पैलवान पुन्हा आखाड्यात. तो पुढे किती वर्षं लंगडला, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

जर्मनीत ब्राउनश्वाइगला इंजिनिअर म्हणून आलो, मुलगी रेवा इथल्या क्लबात बास्केटबॉल खेळायला लागली, म्हणून मीही क्लबात शिरलो. क्लब म्हणजे आपल्या मंडळासारखंच, कुणी केक आणतं, कुणी खुर्च्या लावतं. माझ्याकडे क्लबची गाडी चालवायचं काम आलं. बायकांच्या संघात नवी खेळाडू येतेय, तिची ने-आण करा म्हणाले.

ती लुचिया. क्रोएशियाच्या समुद्रकाठच्या गावची, अमेरिकेत चार वर्षं कॉलेजकडून खेळलेली, आणि पगारावर खेळायची ही तिची पहिलीच वेळ. म्हणायची, कॉलेजात माझ्या पायाला पट्टी बांधायलाही वेगळा माणूस होता, इथे फक्त तुम्ही आहात. हसून म्हणायची, पण घाबरलेली असायची. कारण क्लबचा डॉक्टर तीन आठवड्यांनी तपासणार आणि मगच करार पक्का होणार, असं ठरलेलं.

तपासणीला चार दिवस असताना गाडीत बसताना तिचा पाय मुडपेना. गुडघा टम्म सुजलेला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दुखावला होता म्हणाली, कुणाला सांगू नका, परत पाठवतील. काय सांगू तुम्हाला, डॉक्टरकडे चल म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, माझ्याकडे घरचं औषध आहे. मला तिला मदत करायची होती हे खरं, पण वडिलांची विद्या जर्मनीतही चालते हे दाखवायचं होतं, हेही तितकंच खरं.

तीन दिवस आमच्या स्वयंपाकघरात लेप लावला. रेवा शेजारी बसून बघायची. बायको म्हणाली, अहो, लोकांच्या पोरीचा पाय आहे, ही तुमची तालीम नव्हे. लुचिया मला हेर डॉक्टर, म्हणजे जर्मनमध्ये डॉक्टरसाहेब, म्हणून चिडवायची. सूज उतरली. पिवळी कातडी बघून खऱ्या डॉक्टरने विचारलं, तर म्हणाली, भारतीय जेवण करताना सांडलं. करार पक्का झाला.

त्यानंतर मला सामना बघवेना. ती उडी मारायची तेव्हा मी जमिनीकडे बघायचो, बूट टेकल्याचा आवाज आला की श्वास सोडायचो. तिच्या संघाच्या ट्रेनरबाईंना सांगावं म्हणून दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. आल्झो, म्हणजे बोला, काय हवंय, त्या विचारायच्या. मी म्हणायचो, गाडी कुठे लावू. भीती तिच्या गुडघ्याची किती आणि माझं नाव निघेल याची किती, ते मला अजून ठरवता येत नाही.

पाचव्या सामन्यात बूट टेकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिची किंकाळी.

इस्पितळात मी तिच्यापुढे हात जोडले. ती म्हणाली, मीच मागितलं होतं, हेर डॉक्टर. तिने दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. मग मी ट्रेनरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, गाडीची किल्ली ठेवा. लुचिया आता तिच्या गावाजवळच्या लहान संघात खेळते, उड्या कमी मारते म्हणे.

आणि गेल्या महिन्यात रेवा लंगडत घरी आली. काय झालं विचारलं तर निक्स, म्हणजे काही नाही. पोरगी माझ्याशी मराठी बोलत नाही, मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. पण त्या दिवशी गुडघा धरून बसली आणि मराठीत म्हणाली, बाबा, ट्रेनरला नको सांगू, ते पिवळं लाव.

मी सहाण काढली नाही. तिला उचलून आमच्या गाडीत बसवलं, डॉक्टरकडे नेलं, तिच्यासमोरच ट्रेनरला फोन केला. महिना झाला, ती बाकावर बसून आहे आणि माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे. पोरींचे पाय शाबूत राहोत, हिचेही आणि तिचेही.