तुमचंच आहे

नाही, नाही, त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो — इकडे सोफ्यावर बसा, असे माझ्यासमोर. जिने चढून दम लागला असेल. या वेबदेहच्या टेकडीवर राहायचा फायदा हाच, की पाहुणे फार येत नाहीत — म्हणजे तुमच्याबद्दल नाही म्हणत हो मी. तुम्ही आलात, आनंदच झाला. फक्त नवल वाटलं. कारण काल ग्रुपवर माझ्या फोटोखाली तुम्ही लिहिलंत, 'अबू रमझी, काय देखणं घड्याळ आहे,' आणि मी लिहिलं, 'तुमचंच आहे.' बरोबर? आता यावर माणूस काय लिहितो? माणूस लिहितो, 'तुमच्याच मनगटावर शोभतं.' संपला विषय. माझी आई शेजारणीच्या पडद्यांना छान म्हणायची, शेजारीण म्हणायची तुमचेच आहेत, म्हणून आई काही शिडी घेऊन पडदे काढायला जात नव्हती. आणि तुम्ही काय लिहिलंत? 'उद्या दुपारच्या नमाजानंतर येतो.' अख्खा ग्रुप बघत होता. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. तो इर्बिदचा दातांचा डॉक्टर सकाळपासून विचारतोय — गेलं का घड्याळ, गेलं का घड्याळ.

तुम्ही नवीन आहात, कुतैबासाहेब, म्हणून सांगतो. आपला 'अकारिब' ग्रुप म्हणजे बाजार नाही. नाव मीच ठेवलंय — घड्याळाचे काटे म्हणा, विंचू म्हणा, अरबीत शब्द एकच. तेव्हा गंमत वाटली होती, आता पटायला लागलंय. तर तिथे विकणं नाही, घेणं नाही, किंमत विचारणं तर नाहीच नाही. तिथे फक्त प्रेम. कुणी नवीन घड्याळ दाखवलं की मुबारक म्हणायचं. तबकडी नव्याने रंगवलेली दिसली, तरी 'काय जपलंय' म्हणायचं. काचेला तडा असला तर 'वयाची शोभा' म्हणायचं. पट्टा नकली असला तर प्रकाशाचं कौतुक करायचं — फोटो खिडकीपाशी काढलात वाटतं, असं. हे सगळे नियम माझेच. लोकांना वळण लावावं लागतं. नाहीतर काय होतं माहितेय? नाहीतर हाजी फव्वाज होतो.

तुमच्या आधीची गोष्ट आहे. होते एक हाजी फव्वाज म्हणून, अकाबाच्या बंदरावर कस्टममध्ये जन्म गेलेला. स्वतःकडे घड्याळ एकच, तेही साधंच. पण कुणीही काहीही टाकलं की खाली यांचा एकच शब्द — 'कितीला?' मुबारक नाही, माशाल्ला नाही, कितीला. एका मुलाने लग्नात सासऱ्याने दिलेलं घड्याळ दाखवलं, तर कितीला. मी खाजगीत समजावलं, हाजी, हे असभ्य आहे. तर म्हणाले, चाळीस वर्षं पेट्या उघडल्या, किंमत सांगायला लाजतो तो माणूस काहीतरी लपवतोय एवढं मला कळतं. आता याला काय म्हणायचं — उद्धटपणाच ना? काढून टाकलं. काढावंच लागलं. बूट घालून गालिच्यावर चालणारा माणूस.

गुलाब? कुठला गुलाब? — अच्छा, ते तुमच्या लक्षात आलंय. डोळा आहे तुम्हाला. हो, कधी कधी मी 'तुमचंच आहे' लिहून पुढे गुलाबाचं चित्र टाकतो. त्याचा अर्थ… अर्थ असा की, आवडलं असेल तर खाजगीत लिहा. विकणं नव्हे. विकणं वेगळं. एका हौशी माणसाने दुसऱ्या हौशी माणसाचा जीव शांत करायचा, एवढंच, आणि तो आपण होऊन काही देतो — आता देणाऱ्याचा हात कोण धरणार? पण काल तुम्हाला मी गुलाब टाकला होता का? नव्हता. बघा फोन काढून. गुलाबाशिवाय 'तुमचंच आहे' म्हणजे निव्वळ शिष्टाचार, शुद्ध, बिनव्यवहाराचा. माझ्याकडून एवढा शुद्ध शिष्टाचार वर्षातून एकदा होतो आणि नेमके तुम्ही दारात.

कॉफी घ्या ना, निवतेय. वेलची जास्त झाली का? — अशी समोर का ठेवलीत? शिवलाही नाहीत. — अच्छा. अच्छा, तशी ठेवलीत. म्हणजे काही मागायला आलात, मान्य होईपर्यंत पिणार नाही. अहो, कुतैबासाहेब, असं मुलगी मागायला आलेले लोक करतात, खुनाचा समेट करायला आलेले करतात, घड्याळासाठी कोण कप खाली ठेवतं? माझ्या चुलत्याने अशाच एका कपापायी चांगला जिंकत आलेला खटला मागे घेतला होता. यजमान म्हणाला 'प्या, काम झालं' आणि पाहुण्याने घोट घेतला, की मग शब्द फिरवायची सोय नाही. म्हणून मी काही म्हणणार नाही. आपण बोलू. आधी तुम्हाला काहीतरी दाखवतो.

हा खण बघा. हं. हे, हे, आणि हे मागचे सगळे — सगळी याचीच भावंडं. तोच कारखाना, तीच तबकडी, तोच दुधी रंग. निवडा. कुठलंही निवडा, तुमच्याकडून मी एक दिनारही… बरं, नाही घेणार, जाऊ दे. एवढी कुठून आली? जर्काला एक घड्याळवाला वारला, त्याच्या बायकोला दुकान रिकामं करायचं होतं, मी खोकंच्या खोकं उचललं. तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं यांना. मग मी ग्रुपवर लिहायला लागलो — विसरलेला खजिना, आपल्या वडिलांच्या पिढीचं घड्याळ, असं काही काही, दर शुक्रवारी थोडं थोडं. लोक हळवे झाले. हळव्या माणसाला भाव करायला लाज वाटते. यात खोटं काय आहे? खजिना होताच, विसरलेलाही होता, फक्त माझ्या खणात होता. आणि हाजींनी 'कितीला' विचारलं तेव्हा गोंधळ असा झाला, की माझ्याकडून घेतलेल्या तिघांनी एकदम उत्तर दिलं. तिघांचं घड्याळ सारखं, आकडे तीन. म्हणजे मी सभ्यपणासाठीच काढलं त्यांना, पण — पण दिवसही तोच होता.

नको? यातलं कुठलंच नको? का हो? माझ्या हातातलंच हवं? — मलाच सगळं बोलायला लावता. ऐका मग. हे नजलाने दिलंय. माझी बायको. शाळेत भूगोल शिकवायची. आमचा मुलगा रमझी झाला त्या वर्षी तिने पगारातून घेतलं, आणि रोज सकाळी स्वतः चावी देऊन माझ्या हातात ठेवायची. म्हणायची, तुमच्यावर सोडलं तर आठच्या पुढे जग जाणार नाही. आता मी देतो चावी. तिच्यासारखी होत नाही, एक पीळ कमीच पडतो. ग्रुपवर फोटो टाकतो तो याचाच. खणातल्यांचा तसा येत नाही, ती नुसती पडून राहिलेली, हे वापरलेलं. लोक याच्यावर जीव टाकतात आणि घेऊन जातात खणातलं. नजला असती तर म्हणाली असती, लाज नाही वाटत, माझ्या घड्याळाचा गळ केलात. वाटते. कधी कधी फार वाटते. पण ती गेल्यावर संध्याकाळी या घरात कोण बोलतं माझ्याशी? ती 'अकारिब'ची पोरंच बोलतात. माझ्या शब्दाला मान देतात. आणि आता ती सगळी बसलीत वाट बघत, अबू रमझीचं 'तुमचंच आहे' खरं की पोकळ.

खरं आहे. पोकळ नाही. प्या कॉफी — ज्यासाठी आलात ते काम झालं. म्हटलं मी. झालं. थांबा, बक्कल जरा घट्ट आहे, पट्टा जुना आहे…

काय म्हणालात? घड्याळ नको?

मग काय हवं? — वडिलांना ग्रुपमध्ये परत घ्या? कुणाच्या वडिलांना? तुमच्या? तुमच्या वडिलांना मी कशाला… हाजी फव्वाज. तू हाजी फव्वाजचा मुलगा. आणि मी मघापासून इथे बूट काय, गालिचा काय — सांगायचंस तरी, बाबा. — काय करतात? रोज संध्याकाळी ते एकच घड्याळ पुसतात, खिडकीपाशी फोटो काढतात, आणि दाखवायला कुणी नाही म्हणून शेजारच्या खोलीतून तो तुलाच फोनवर पाठवतात. हे नको सांगू मला. हे सांगायचं नव्हतंस.

अरे, पण ते परत विचारतील ना. आल्या आल्या विचारतील, आणि लोक परत आकडे सांगतील, या वेळी तीन नाही, अख्खा खण बोलेल. तू त्यांच्याकडून शब्द घे, की 'कितीला' म्हणणार नाहीत. नुसतं मुबारक म्हणायचं. नाही? तुला म्हणाले, विचारणारच? हं. कस्टमचा माणूस. — बरं, ऐक, असं करू. हे घड्याळ घे. सुटलं बघ बक्कल. नजलाचं आहे, तिची शपथ, मनापासून देतोय, मागे तिचं नावही कोरलंय. वडिलांना दे, म्हणावं अबू रमझीने पाठवलं, फोटो काढायला दुसरं मिळेल त्यांना. हात पुढे कर. तो नाही, कपाचा नाही, दुसरा हात. कप खाली ठेव. आपलं बोलणं चाललंय अजून, ते मी घड्याळाचं समजून म्हटलं होतं — ठेव खाली, मुला, अरे —

प्यायलास.

बरं. जिन्यात दिवा नाही, जपून उतर. फोन दे माझा तो इकडे, टेबलावरचा. त्यांचा नंबर मी पुसलेला नाही. तू जा आता.