उद्या माणूस येतो

पालमच्या स्टँडवरून पुण्याची गाडी सुटली, आणि भिवराबाईच्या मागच्या बाकावर दोन म्हातारे येऊन टेकले.

"लेकीला लावून दिलं का, बसवंतराव?"

"दिलं, उमाजी. आईच्या उशाशी बसून घरूनच काम करीन म्हणून आलती बिचारी. घरात इंटरनेटच न्हाई, तर काम काय डोंबलाचं करती?"

"अन् कंपनीचा डबा बसवलाय नव्हं भिंतीवर?"

"बसवला की. नवी चीज घरात आली म्हणून मी त्याला विभूतीची तीन बोटं ओढली, वर नारळ फोडला. बसवणारा हात जोडून हुभा. प्रसाद खाल्ला, उद्या माणूस येऊन चालू करतो म्हणला अन् गेला."

"आला का?"

"दीड महिना फोन लावले. रोज एकच, उद्या माणूस येतो. परवा आला एकदाचा. डबा उघडून म्हणतो, ह्यात राख गेली, नारळाचं पाणी गेलं. बिघाड तुमचा, नवा घ्या."

"पर त्यो चालू कवा झालता?"

"तेच इचारलं. तर म्हणला, पूजा कुणी करायला सांगितलती?"

"प्रसाद बरा गोड लागला हरामखोरांना!"

भिवराबाईची गंगाखेडची गाडी लागली, तरी ती उठली नाही.

"अन् वहिनी?"

"लय रडली. अंथरुणातून लेकीचा हात सोडीना."

"मग?"

"मीच सोडवला. म्हणलं, उद्या माणूस येतो, डबा चालू करतो. मग लेक येती परत."