पंचेचाळीसवरचा तवा

—व्हय व्हय, त्योच गाण्याचा तवा, मोहोळच्या लग्नात म्हातारीकोतारी नाचवली त्यानं, त्योच— पर पावनं, तुमी बसा तरी की आधी. लाऊडस्पीकरचे दोन कर्णे, एक माइक, तारीख तेरा, मंगळवेढा, पोराचं लग्न— समदं लिवून घेतलंय. एस्टी कितीला? सहाला? मग लई येळ हाय. च्या सांगतो. न्हाय कसं म्हणता, इतक्या लांबनं आलेला माणूस तसाच धाडू व्हय? आन् खरं सांगू का, मला बी आज एकट्याला हितं बसवंना. का ते इचारू नका.

तुमाला काय वाटलं, ते नाचाचं गाणं हाय? आवो, रडगाणं हाय ते! आईशपथ! दोन्ही बाजूंनी नुसतं रडणं. आमच्या बँडचा शेवटचा तवा त्यो, निरोपाचा. 'काळं घोंगडं' असं नाव हुतं आमचं. लग्नाचा बँड न्हाय, तांबड्या कोटाचा न्हाय— रॉक! रॉक म्हंजे काय ते मला बी धड सांगता येत न्हाय, चन्नूला येत हुतं. चन्नू म्हंजे चनबसप्पा, माझा दोस्त, ह्या दुकानातला भागीदार. त्यो इजेची गिटार वाजवायचा आन् गायचा, मी धनगराचा गडी म्हणून ढोल, आन् कालेजातली दोन पोरं, एक ऑर्गनवर, एक बुलबुलतरंगावर. चन्नूचं डोकंच उलटं. गिरणीचा भोंगा टेपवर धरून आणला त्यानं, कापडाच्या मागाचा खडखडाट आणला, आन् मला म्हणायचा, बिरप्पा, ढोल असा वाजव की माणसाला घरी जाऊ वाटू नये. वाजवला की मी! लोक घरी गेलेच, ती गोष्ट वायली. एकदा गणपतीत बसवलं आमाला, तर पहिल्याच गाण्याला मंडळानं फ्यूज काढून खिशात घातला. आमी वाजवतोय अंधारात, आन् चन्नू खूश— म्हणतो, आता खरं काळं घोंगडं झालं!

हसा, हसा. मी बी हसतो. मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, जीव ऱ्हाईल, आवाज जाईल. चन्नूनं आठ दिस मागितले. त्या आठ दिसांत आमी मुंबईला जाऊन त्यो तवा काढला, चौऱ्याहत्तर साली. गळ्यात आग पडायची त्याच्या, तरी गायला. शेवटच्या गाण्यात नुसता त्याचा आवाज आन् माझा ढोल. गाणं संपलं, पर मी ढोल थांबवलाच न्हाय. का? आता का म्हंजे— मी थांबलो की त्यो थांबणार, आन् त्यो थांबला की कायमचा थांबणार, न्हाय का? वाजवतच बसलो येड्यावानी. मग हसून त्यो म्हणला, "बिरप्पा, बास की आता." ते तसंच ऱ्हायलं तव्यात. त्याचं शेवटचं बोलणं ते. मग ऑपरेशन. दोघं कालेजवाले नोकरीला लागले, बँड मोडला.

तवे छापून आले तवर ह्याचा आवाज गेलेला. मी म्हणलं, पहिल्यांदा वाजवायचं ते चार माणसांत, मानानं. माझ्या भाचीचं लग्न हुतं मोहोळात, म्हाळसाबाईचं. चन्नूला खुर्ची दिली मांडवात, गळ्याला पट्टी. मी तवा ठेवला, सुई ठेवली— आन् मशिनीचा येगाचा खटका हुता पंचेचाळीसवर, जलद फिरवणारा! सिनेमाची गाणी समदी पंचेचाळीसवर लागत्यात की, मोठा तवा लागतो तेहतीसवर, मी घाईत इसरलो. झालं! चन्नूचं ते काळजातलं रडणं निघालं चिवचिवत, टुणटुणत, भोंगा पिपाणी झाला, आन् ढोल असा उडायला लागला की भाचीची आजेसासू केराबाई पदर खोचून उठली. मांडव उठला ओ समदा! मला वाटलं जमीन फाटावी. चन्नूकडं बघितलं तर त्याचे खांदे हलत्यात. म्हणलं, रडतोय. जवळ गेलो— हसत हुता! आवाज न्हाय, काय न्हाय, डोळ्यांतनं पाणी आन् हसतोय. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. आन् ते शेवटचं "बिरप्पा, बास की आता" असं बारक्या पोरावानी चिवचिवलं की तवापासनं प्रत्येक लग्नात पोरं त्याचीच वाट बघत बसत्यात.

तेहतीसवर? न्हाय ओ. एकदा बी न्हाय. मी लावाय गेलो की त्यो येतो आन् बोटानं खटका पंचेचाळीसवर ढकलतो. मी एकदा लई हट्ट केला, तर पाटीवर लिवलं त्यानं— पाटीवर लिवूनच बोलतो आता— 'मी मेल्यावर लाव तेहतीसवर.' आन् हसला. मी पाटी पुसली थुकीनं. पर पावनं, दोन वरसं झाली. त्याचा आवाज इसरत चाललोय मी. गाताना कसा हुता ते आठवतंय, पर नुसता बोलताना, मला हाक मारताना— ते न्हाय आठवत. माझ्या कानात बी आता चिवचिवच हाय.

आज मिरजेला गेलाय त्यो. डॉक्टरनं परत बोलावलंय. गळ्याला परत हात लावून बघत हुता, मला चोरून. सातच्या आत काय येत न्हाय. म्हणून म्हणलं, आजच. तुमी हायसा म्हणून धीर झाला. हे बघा— तेहतीस. सुई शेवटालाच ठेवतो. ऐका. ह्यो माझा ढोल... येड्यावानी वाजवतोय बघा... आता—

ऐकलं? त्योच! अगदी त्योच की! किती जाड आवाज हुता ओ ह्याचा! मला वाटलं बारीक हुता, मी इसरलोच हुतो! थांबा, परत लावतो, जरा मागनं लावतो—

आं? चन्नू? कवा आलास रं? न्हाय न्हाय, ह्या पावन्यास्नी ऐकायचं हुतं, इचार की त्यास्नी— बरं, माझं चुकलं. चुकलं म्हणतो की. काय म्हणला डॉक्टर? ही पाटी घे. पेन्सिल घे. लिव की. बरं, नको लिवू. बसतोस? बस. तवा चालू हाय, खटका हितं हाय बघ, तुझ्या हातापाशी. ढकल. रोज ढकलतोस की. चन्नू... ढकल की रं पंचेचाळीसवर.

पावनं, तुमी निघा आता. च्या ऱ्हाऊ द्या. तेरा तारखेला येतो आमी, दोघं येतो. दार तेवढं वढून घ्या.