डाव्या खांद्यावरच्या गाठी

ताई : छान आहे चित्र. पण ही बाई लढाईला निघालीय की कुणाकडे चहाला?

भाऊ : सेनापती आहे ती, आमच्या नव्या गेममधली. खवचटपणा पुरे, सगळं ऑफिस खूश आहे. फक्त खांद्यावरच्या या गाठी बघ. मॉडेलला गाठ येत नाही, बांधायचे बंद कापडात विरघळल्यासारखे दिसतात. तू शिवतेस, चित्रंही काढतेस. जरा हात फिरव ना.

ताई : म्हणजे हे कॉम्प्युटरनं काढलंय?

भाऊ : एआयनं. खास आमच्यापुरतं मॉडेल घडवून घेतलंय. एकाच माणसाच्या हातची पन्नास-साठ चित्रं दाखवली की ते वळण उचलतं. मग म्हणाल तो पोशाख काढून देतं.

ताई : हं. आणि डावी बाही अशी खांद्यापासून उघडी का?

भाऊ : तेच तर सगळ्यांना आवडलं. काहीही सांगा, डावी बाजू उघडी आणि खांद्यावर बांधलेले बंद. पठ्ठ्यानं स्वतःची ढब काढलीय.

ताई : कुणाची चित्रं दाखवलीत त्याला?

भाऊ : आता रागावू नको.

ताई : म्हणजे माझी.

भाऊ : तू मागे पाठवली होतीस ना, कपड्यांची. आमच्याकडची सगळी चिलखतांची. मॉडेल बायकांना पिंपात घालायला लागलं होतं. तुझी दाखवली आणि एकदम जमलं. सांगणारच होतो तुला.

ताई : गाठ अडल्यावर.

भाऊ : गिऱ्हाइकांच्या कपड्यांची चित्रं तर होती. त्यात एवढं काय?

ताई : कुणाच्या कपड्यांची?

भाऊ : तुझ्या गिऱ्हाइकांच्या... नाही का?

ताई : पाठवताना वर दोन ओळी लिहिल्या होत्या. तू नुसता अंगठा पाठवलास. मला वाटलं, वाचून पुढे लिहवलं नसेल.

भाऊ : ताई, कुणाचे कपडे?

ताई : अंगावरून वारं गेल्यावर आईचा डावा हात वर जायचा नाही. बाहीत घालताना कळवळायची. म्हणून ती बाजू उघडी ठेवून बंद लावायचे. शिवण्याआधी प्रत्येक झग्याचं चित्र काढून तिला दाखवायचे. रंग तीच सांगायची.

भाऊ : मी यायचो की भेटायला.

ताई : यायचास. तयार होऊन बसलेली आई बघायला.

भाऊ : खरंच माहीत नव्हतं गं.

ताई : तेच तर. ओळखून चोरली असतीस, तर भांडता तरी आलं असतं.

भाऊ : काढून टाकायला लावतो तुझी चित्रं.

ताई : निघतात?

भाऊ : मॉडेल नव्यानं घडवावं लागेल. आणि पोशाख उद्या द्यायचाय... हो म्हणतील असं वाटत नाही.

ताई : मग कशाला बोलतोस?

भाऊ : आणि त्या गाठींचं काय करू?

ताई : उजव्या हातानं ओढली की सुटायची ती गाठ. कपडे उतरवायला तरी तिला कुणाची वाट बघायला लागू नये म्हणून. तुझी सेनापती धडधाकट आहे. तिला बटण लाव.